मिठाच्या बरणीची किल्ली

पिंजरेवाल्या मावशींची आणि प्रस्तुत लेखिकेची ओळख प्रौढांच्या साक्षरता वर्गात झाली. दोघीही उतारवयात एकाच बाकावर बसून अक्षरे गिरवीत असत. पुढील हकीकत मावशींनी स्वतः सांगितलेली आहे.

मावशी एका प्रयोगशाळेत उंदरांचे पिंजरे सांभाळीत. काही उंदरांच्या मूत्रपिंडांवरील ग्रंथी काढलेल्या असत. त्यांच्या पिंजऱ्याला एक बाटली साध्या पाण्याची व दुसरी मिठाच्या पाण्याची असे. दुसरी कधीही रिकामी पडता कामा नये, अशी डॉक्टरीणबाईंची सक्त ताकीद होती. मावशींनी ती डोळ्यांत तेल घालून पाळली.

घरी मात्र त्यांची सून मीठ चोरून खाऊ लागली. ती वाळून काडी झाली होती, रंग काळवंडला होता, उठता-बसता तिला घेरी येई.

"आई, चिमूटभरच द्या हो. जीव नुसता तुटतो."

"खाल्ल्या मिठाला जागायला नको, चाटायला मात्र बरणी हवी! त्यापेक्षा बकरी आणली असती, तर दूध तरी दिलं असतं."

मुलगा खो खो हसला. मावशींनी बरणी कपाटात कोंडली व किल्ली कमरेला लावली. खोड मोडावी म्हणून सुनेच्या ताटात अळणी भाजी पडू लागली. ओल्या भिंतीवर फुटलेला खार ती चाटताना सापडली, तेव्हा मावशींनी शेजारणींना बोलावून तो तमाशा दाखविला.

पुढे ओकाऱ्या सुरू झाल्या. "नाटकं मेलीची," मावशी म्हणाल्या. एका सकाळी सून न्हाणीघराच्या उंबऱ्यावर कोसळली, ती पुन्हा उठली नाही.

सुतकाची सुट्टी संपवून मावशी कामावर गेल्या. बाटल्या भरताना एक उंदीर त्यांचे घामेजलेले बोट अधाशासारखा चाटू लागला. इतकी वर्षे जे कधी विचारले नव्हते, ते त्यांनी त्या दिवशी डॉक्टरीणबाईंना विचारले: यांना मीठ कशासाठी?

"त्या ग्रंथी नसल्या की अंगातलं मीठ लघवीवाटे वाहून जातं, मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग मेंदूत एक संप्रेरक जोर करतं. तेच तहान लावतं, मिठासाठी वेडं करतं."

"माणसालाही?"

"ग्रंथी निकामी झाल्या तर होतं की. कातडी काळवंडते, माणूस खंगत जातं."

"आणि मीठ नाही मिळालं तर?"

"हे तुम्ही मला विचारता? बाटल्या तर तुम्हीच भरता!"

मावशींचा हात कमरेच्या किल्लीवर गेला, तो तेथेच राहिला.

"बाई," त्या म्हणाल्या, "मला झाडलोट द्या. हे पिंजरे दुसऱ्या कोणाला तरी द्या."