नाखवा सरांची अडलेली सही

ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या एका जुन्या इमारतीत आदरणीय जनार्दन नाखवा सरांचे रस्ते आणि पूल यांचे आराखडे करणारे कार्यालय आहे. डिप्लोमा झाल्यावर नोकरी मागायला मी तिथे प्रथम गेले, तेव्हा दार उघडले ते एका खूप उंच, काळ्याभोर परदेशी तरुणाने. चुकीच्या ठिकाणी आले असे वाटून मी मागे वळले, तर तो मराठीत म्हणाला, "या ना ताई. सर जेवतात. बसा, पंखा लावतो."

आतून सरांनी विचारले, "इसा, कोण आहे रे?"

"सर, एक मुलगी आहे. घाबरलेली आहे."

सरांशी माझी ओळख झाली ती अशी. 'घाबरलेली मुलगी' ही ओळख चुकीची होती असे मला आजही म्हणता येत नाही. मी प्रत्येक आकडा पुनःपुन्हा तपासते. दुसऱ्या कार्यालयात मला यावरून बोलणी खावी लागली असती. सर एवढेच म्हणाले, "सुजाता, आता आणखी तपासलेस तर तो आकडा लाजेल," आणि नकाशा माझ्या हातून अलगद काढून घेतला.

सरांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी समितीने मला त्यांच्या आफ्रिकेतील कार्यावर लिहायला सांगितले आहे. मी आफ्रिका पाहिलेली नाही. शाळेत जाण्याआधी टिटवाळ्याच्या घरी बाबांनीच मला पाटीवर शिकवले, आणि जे आपल्याला नीट कळले नाही ते कळल्यासारखे लिहायचे नाही, हेही तेव्हाच बजावले. म्हणून आधीच सांगते, की सरांच्या या कार्यातली एक गोष्ट मला अजून कळलेली नाही. पण त्यांच्याबद्दल लिहायचे तर तीच लिहायला हवी असे वाटते.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सर एका कंपनीतर्फे अल्जेरियात गेले. भूमध्य समुद्रापासून सहारा ओलांडून थेट खाली नायजेरियापर्यंत एक रस्ता न्यायचा, असे तिथल्या देशांनी मिळून ठरवले होते. त्यात अल्जेरियाने मोठा भार उचलला. स्वतःच्या हद्दीत दक्षिणेकडे शेकडो मैल डांबर नेले. एवढ्यावर न थांबता पलीकडच्या गरीब देशांच्या पाहण्यांना मदत केली आणि त्यांचे तरुण अभियंते शिकायला पाठवले. सरांनी परत येऊन ठाण्याला कार्यालय काढल्यावर, एका पावसाळ्यानंतर त्यांच्याकडे आलेला इसा त्यांतलाच एक. तो नायजर देशाचा, आणि त्याचे सरांकडचे वर्षभराचे प्रशिक्षण अल्जेरियाच्या खर्चाने चालले होते.

माझा पहिला गोंधळ इथेच झाला. मी कामाला लागले ती नव्वदीची सुरुवात होती. अल्जेरियाच तेव्हा अडचणीत होता. तिथे रोज माणसे मारली जात असल्याच्या बातम्या येत. स्वतःचे घर पेटलेले असताना दुसऱ्याच्या पोराला कोण शिकवतो? आमचे ज्येष्ठ आरेखक प्रधानकाका म्हणत, "अगं, त्यांना आपला माल खाली विकायचाय. रस्ता लागणारच ना!" मी सरांना विचारले. सर म्हणाले, "प्रधान म्हणतात तेही आहे. पण शेजाऱ्याचा रस्ता झाला नाही, तर आपला रस्ता वाळूत जाऊन संपतो. हे त्यांना कळलंय. आपल्याकडे शेजारच्या दोन पालिकांना कळत नाही." ठाणे आणि कल्याणच्या हद्दीवरचे काही रस्ते मी स्वतः मोजले आहेत. ते हद्दीवर येऊन संपतात.

इसा सरांच्याच घरी, चेंदणी कोळीवाड्यात राहत असे; मराठी तो तिथेच शिकला. सरांचे घराणे मासेमारी करणारे. घरातले पहिले अभियंता सरच. काकी, म्हणजे सरांच्या पत्नी, त्याला आग्रहाने वाढत. "आरं खा, बोंबलाला काटा नाय टोचायचा. तुज्या गावाला हाय का असला मासा?" इसा म्हणे, "काकी, माझ्या गावाला पाणीच नाही, मासा कुठून?" त्यावर काकी त्याच्या ताटात आणखी दोन टाकत, जणू पाणी नसल्याची भरपाई.

मार्चच्या सुमारास अल्जेरियाच्या बांधकाम खात्याचा निरोप आला, की परिस्थितीमुळे यापुढचा खर्च करता येणार नाही, प्रशिक्षणार्थींना प्रमाणपत्रे देऊन परत पाठवावे. इसाला तर त्याच्या देशातूनही बोलावणे आले होते. नायजरच्या सीमेपासून आतल्या रस्त्याच्या तुकड्याच्या पाहणीचे प्रमुखपद रिकामे होते. मे महिन्याच्या आत प्रमाणपत्र घेऊन हजर झाला तर ते त्याला मिळणार होते. हवी होती फक्त सरांची सही.

सरांनी सही केली नाही.

"याने पावसाळा पाहिलेला नाही," ते म्हणाले. "याचं अजून शिकून झालेलं नाही."

कार्यालयात कोणालाच काही समजेना. इसाने आधी हसून घेतले. मग त्याचा चेहरा उतरला. "सर, माझ्याकडे वर्षात चार दिवस पाऊस. मी इथे चार महिने काय बघू?"

"तेच चार दिवस बघायचेत."

प्रधानकाका मध्ये पडले. "अहो नाखवा, पोराची जागा जाईल. एक सही तर आहे!"

"माझी आहे ना ती? म्हणून."

मग सरांनी कारण सांगितले. ते त्यांच्याच शब्दांत देते. "मी खाडीकाठचा माणूस. जन्मल्यापासून भरती-ओहोटी बघितली. सहारात गेलो आणि वाटलं, चला, पाण्यापासून सुटलो. सगळं लक्ष वाळूकडे. एका कोरड्या ओढ्यातून भराव टाकून रस्ता नेला, खाली पाणी जायला नावाला दोन सिमेंटचे नळ घातले, ते वाळूने बुजून गेले. एक दिवस लांब डोंगरात पाऊस पडला. आमच्या डोक्यावर थेंब नाही, आणि दुपारी पाणी आलं. रस्ता घेऊन गेलं. कोळ्याच्या पोराचा रस्ता पाण्याने नेला, तोही सहारात! तिथले मुख्य अभियंता मला रागावले नाहीत. म्हणाले, असले ओढे सीमेपलीकडेही आहेत, त्या लोकांना तरी हे नीट शिकवा."

"मग मला सांगा ना," इसा म्हणाला. "मी लिहून घेतो."

"मलाही सांगितलं होतं. मीही लिहून घेतलं होतं."

इसा वही मिटून उठला. त्या दिवशी घरी जेवलाही नाही, असे काकींनी सांगितले. त्या सरांवरच चिडल्या होत्या. "यांच्या डोक्यात एकदा खुंटा मारला का निघत नाय. पोराचं वाटोलं करतील." तरी इसाचे राहणे, खाणे आणि परतीचे तिकीट ही जबाबदारी सरांनी स्वतःवर घेतली, आणि कोणी विचारले तर विषय बदलला. मला तेव्हा हे दोन सर एका माणसात बसवता येत नव्हते. आजही नीट येत नाहीत.

मे महिना गेला. ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाल्याचे इसाला फोनवर कळले. तो दिवसभर खिडकीशी उभा होता. सर जाऊन त्याच्या शेजारी उभे राहिले.

जुलैत एक दिवस सरांनी आम्हा दोघांना टिटवाळ्याजवळ काळू नदीवर नेले. तिथे एक फरशी होती, म्हणजे नदीच्या तळाशी टेकलेला, कठडे नसलेला बुटका पूल. पाणी तिच्यावरून जोरात वाहत होते. दोन्ही काठांवर माणसे, सायकली आणि दुधाच्या किटल्या खोळंबल्या होत्या. इसाने एका दूधवाल्याला विचारले, "पूल गेला?"

"पूल कुठं जातोय? पाणी जाईल. बसा निवांत."

दुपारी पाणी उतरले. फरशी जिथल्या तिथे होती. दूधवाल्याने पायाने गाळ बाजूला केला आणि तो सायकल ढकलत निघून गेला. इसा मात्र खाली उतरला. जिकडे पाणी पडत होते त्या बाजूला दगड कसे बसवले आहेत, ते तो गुडघाभर चिखलात वाकून हाताने चाचपत राहिला. सर काठावर छत्री मिटून उभे होते. "सर, पाण्याला वरून जाऊ द्यायचं," तो खालून ओरडला. "अडवायचं नाही. पण पडतं तिथे तळ सांभाळायचा."

सर म्हणाले, "वर ये. सर्दी होईल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली. इसाने वाकून नमस्कार केला, पण आभार मानले नाहीत. महिनाभरात तो गेला.

या लेखासाठी मी गेल्या महिन्यात मोठ्या खटपटीने इसाला फोन लावला. तो त्या कामावर आहे, पण सहायक म्हणून. त्याच्याऐवजी जो प्रमुख झाला, त्याच्याच हाताखाली. पूर्ण रस्ता अजून झालेला नाही. कधी होईल हे तो सांगू शकला नाही. पण एका लहान तुकड्यावर, कोरड्या ओढ्यात, त्याने भांडून फरशी बांधून घेतली. यंदा तिच्यावरून पाणी गेले. फरशी राहिली.

"म्हणजे सरांचं बरोबर होतं," मी घाईने म्हटले. मला हे वाक्य लेखासाठी हवे होते.

तो म्हणाला, "ताई, असं लिहू नका. मी प्रमुख असतो तर अशा दहा बांधल्या असत्या. पण तो पावसाळा पाहिला नसता, तर एकही बांधली नसती. मी रोज हिशोब करतो. उत्तर रोज वेगळं येतं."

"मग सरांना काय सांगू?"

"सांगा, मी अजून रागावलेलो आहे. आणि सांगा, मी प्रमुख झालो की स्वतः ठाण्याला येईन आणि ते बरोबर होते की नाही, ते त्यांच्या तोंडावर सांगेन. तोपर्यंत त्यांना कुठे जायची परवानगी नाही."

हा निरोप मी सरांना सांगितला. ते हसले नाहीत. चष्मा काढून त्यांनी विचारले, "तिकडे बढतीला साधारण किती वर्षं लागतात?" मला माहीत नव्हते. तसे मी सांगितले.

जितकी लागतील तितकी वर्षे, आणि त्यानंतरचीही, सरांना उत्तम आरोग्यासह लाभोत. इसाचे उत्तर काहीही असो, ते ऐकायला सर आपल्या खुर्चीत असोत.