श्वास थांबल्यावर बोलणारा आवाज

मी शाळेत विज्ञान शिकवते. भूत-भानामती म्हटलं की वर्गात हसणारी मीच पहिली... त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतोय. पण ऐकीव नाही, माझ्याच घरातलं आहे.

२००२ साल. आम्ही गडचिरोली जिल्ह्यात मुलचेऱ्याला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. आमचे हे मुलचेरा–आलापल्ली जीप चालवायचे. गडी बोलका, तिकडच्या बंगाली वस्त्यांतल्या सवाऱ्यांशी मोडक्या बंगालीत गप्पा मारणारा. घोरणं मात्र असं, की शेजारच्या बाई विचारायच्या, “रात्री जीप घरातच चालू ठेवता का जी?”

त्या वर्षी हे हळूहळू गप्प होत गेले. जेवण निम्म्यावर आलं. दिवसभर डोळ्यांवर झापड. एका सकाळी सवाऱ्या भरून बसल्या होत्या आणि हे स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होते. जीप उभीच राहिली.

“काय झालं जी?” मी विचारलं.

“झोपेत मले कोनी तरी म्हनते, राहू दे आता. रोजच म्हनून राह्यलं.”

“कोन?”

“मले का मालूम... पन मले बी तसंच वाटते आता.”

मी घाबरले. दुसऱ्याच दिवशी चंद्रपूरला डॉक्टरांकडे नेलं. नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या, फरक थोडाच. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी घोरण्याबद्दल विचारलं. मध्येच श्वास थांबतो का? मी म्हटलं, कधीकधी एकदम शांत होतात खरे. ते म्हणाले, “झोपेतला आवाज टेप करून आणा.”

रविवारी दुपारी हे जेवून आडवे झाले. खाटेजवळ स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवला, बटण दाबलं. कोंबड्या आत शिरू नयेत म्हणून दाराला बाहेरून कडी लावली आणि अंगणात चिंच फोडत बसले. घरात दुसरं कुणी नव्हतं, दार एकच.

संध्याकाळी हे बाहेर गेल्यावर टेप लावली. घोरणं... मग एकदम काहीच नाही. मी मनात आकडे मोजू लागले. वीसच्या पुढे गेले आणि त्या शांततेत कुणीतरी बोललं. अगदी माईकजवळ. थकलेला आवाज, बाईचा की पुरुषाचा कळेना.

“राहू दे आता.”

लगेच यांचा घशातून हुंदका आल्यासारखा श्वास, आणि पुन्हा घोरणं. असं तीनदा झालं. चौथ्यांदा आवाज म्हणाला —

“बाई बाहेर आहे. राहू दे आता.”

मी टेप बंद केली.

डॉक्टरांनी ऐकलं. “झोपेत बडबडतात,” म्हणाले. मग टेप मागे नेऊन पुन्हा ऐकली आणि चष्मा काढून ठेवला. “श्वास बंद असताना माणूस बोलू शकत नाही, बाई. हवाच नाही तर आवाज कुठून?... खोलीत कोण होतं?”

“कुणीच नव्हतं,” मी म्हटलं. त्यांनी कॅसेट काढून माझ्या हातात दिली. आजार मात्र नीट समजावला — श्वास असा रात्रभर अडत राहिला की झोप तुटते, मेंदूला विसावा मिळत नाही, मनही खचत जातं. नागपूरला तपासणी झाली. झोपताना तोंडावर मास्क लावायचं यंत्र मिळालं, गोळ्याही चालू राहिल्या. दोन-तीन महिन्यांत हे पुन्हा सवाऱ्यांशी बोलू लागले. मी मनाशी म्हटलं, संपलं एकदाचं.

पावसाळ्यातल्या एका दुपारी हे मास्क लावून झोपले होते, मी खाटेशेजारीच वह्या तपासत होते. लाईन गेली. यंत्र बंद पडलं. मी मास्क काढायला उठेपर्यंत यांचा श्वास थांबला होता. मी कान देऊन ऐकलं... काहीच नाही, कौलांवरचा पाऊस फक्त. मास्क ओढून काढला, खांदा गदागदा हलवला. “उठा जी! उठा!”

हे दचकून उठले.

“तू काऊन तसं म्हनली?”

“उठा म्हटलं जी.”

“नाई... त्याच्या आधी.”

त्याच्या आधी मी तोंडही उघडलं नव्हतं. हे आजवर मला उलगडलेलं नाही. काय ऐकलं, हे मी यांना विचारलं नाही, यांनीही सांगितलं नाही.