काचघरातल्या अळ्या

चंद्रपूरच्या सार्वजनिक बागेत मी रोजंदारीवर माळीकाम करत होते. तिथल्या जुन्या काचघराला जोडून फुलपाखरांसाठी जाळीची खोली बांधली, तेव्हा आतली झाडं लावायचं काम माझ्याकडे आलं. मी गोंडपिपरीकडच्या शेतकऱ्याची लेक. कोणती अळी कोणत्या पानावर वाढते, हे मला कोणाला शिकवावं लागलं नाही. रुई लावली, कढीपत्ता लावला, लिंबू लावलं. हिवाळाभर सुट्टीला गावी गेले की बांधावरून अंडी असलेली पानं पिशवीत घालून आणायची. अळ्या झाल्या, चांगल्या पोसल्या.

उद्घाटनाच्या आठवड्यात बागेचे साहेब पाहणीला आले आणि पानांची भोकं पाहून वैतागले. यांचीच फुलपाखरं होणार, असं मी सांगितलं. ते म्हणाले, तेवढं मलाही कळतं, पण पाहुण्यांना झाडं हिरवीगार दिसली पाहिजेत. फुलपाखरं तर बाहेरून खोक्यांत येणारच आहेत. फवारा मारा. मी नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी पोचायच्या आत मुकादमाने फवारणी उरकली होती. अळ्या खाली पडून वळवळत होत्या. मुकादम माझ्याच गावचा.

"काऊन मारलं भाऊ? तुमाले तं माहीत होतं."

तो पंप धूत राहिला.

मी त्या सगळ्या अळ्या घमेल्यात भरल्या आणि साहेबांच्या टेबलावर, फायलींवरच घमेलं ठेवलं. त्यांनी आवाज न चढवता विचारलं, "बाई, काम पाहिजे की नाही?"

मी म्हटलं, "काम पायजे साहेब. हे असं मारायचं काम नाई पायजे."

मला इतर बायांबरोबर रस्त्याच्या दुभाजकावर गवत काढायला पाठवलं. उद्घाटन झालं, फोटो निघाले. खोक्यांतल्या फुलपाखरांनी त्या विषारी पानांवर अंडी घातली, त्यातून काही जगलं नाही. महिना व्हायच्या आत जाळी रिकामी.

मग मुकादम दुभाजकावर आला. साहेबांनी परत बोलावलंय म्हणाला. मी सांगितलं, साहेबांना इथं येऊन विचारू द्या, या उन्हात, सगळ्या बायांसमोर.

ते आले नाहीत. मीही गेले नाही. खोलीला कुलूप आहे. घरचे म्हणतात, किड्यांपायी सावलीतलं काम घालवलंस. त्यांना काय सांगू? त्या सकाळचं नुसतं आठवलं तरी अजून माझे दात आवळले जातात.