चुन्याच्या भिंती

इतवारीतलं आमचं घर पाहायला लोक येतात, तेव्हा मी घसा खाकरून सुरुवात करतो. आजोबांच्या वडिलांनी सिव्हिल लाइन्समधला कुण्या साहेबाचा बंगला फाटकाबाहेरून पाहिला आणि गवंड्याला ‘तसंच कर’ म्हणून सांगितलं. म्हणून समोर विलायती कमान नि गोल खांब, आत मात्र सागवानी तुळया आणि आपला साधा चौक. या खिचडीला मी ‘संगम शैली’ म्हणतो. नाव माझंच आहे, पण लोक इतक्या गंभीरपणे मान डोलावतात की खरं सांगवत नाही.

निवृत्त झाल्यावर हे घर जपायचं मी मनावर घेतलं. गूळ, बेलफळ, उडीद घालून चुना मळवला, भिंती नव्याने लिंपून घेतल्या. त्यानंतर भिंतीला कुणी पाठ टेकली तरी माझा जीव वरखाली व्हायचा. पाहुण्यांच्या खुर्च्या मी भिंतीपासून हातभर दूर मांडायचो, आणि याला आदरातिथ्य समजायचो.

यंदा एप्रिलात बायको मुलीच्या फ्लॅटवर गेली, उन्हाळ्यापुरती. नक्षीच्या खिडकीत मी कूलर बसवू दिला नाही, त्याचा राग असणार, असं मी धरून चाललो. पाऊस सुरू झाला, कूलर बंद झाले, तरी ती येईना. विकतच्या पोळ्या एकट्याने चावताना मला तिची फार आठवण यायची. शेवटी आणायला गेलो.

“तू काहून येऊन नाही राहिली वं?”

“ते घर तुमचं आहे. मी तर तिथं पाहुण्यांले चहा देते,” ती म्हणाली. “लिंपण झालं तवापासून माझ्या आईबाबांचा फोटो कपाटात पडला आहे. एक खिळा मागितला होता मी तुमाले.”

मागितला होता. मी तिला चुन्याच्या थरांवर व्याख्यान दिलं होतं. छान रंगलंही होतं, असं तेव्हा वाटलं.

घरी येऊन तडक स्टुलावर चढलो आणि बैठकीच्या भिंतीत खिळा ठोकायला घेतला. दोन-चार घावांत ताटाएवढा पोपडा खाली आला. चुन्याने माखलेल्या हातांनीच फोन लावला.

“खिळा ठोकला.”

“पोपडा पडला असंल.”

“पडला. पण खिळा पक्का बसला.”



“तो कचरा झाडू नका, तुमाले जमत नाही,” ती म्हणाली. “मी येऊन राहिली.”