दत्तूचं बोट चुकलं नव्हतं

दिंडोरीच्या मांडवात स्पीकर शिट्टी मारत होते आणि माझ्या साउंड सर्व्हिसचा ऑपरेटर दत्तू टॅबलेटवर बोट घासत होता. स्क्रीनवर एकच शब्द: ‘कनेक्टिंग’. स्टेजवर आमचे जुने गिऱ्हाईक बाळासाहेब यांचे वडील होते. पंचाहत्तरीचा सत्कार झाला होता, आता अभंग म्हणणार होते. माईक हातात घेऊन ते थेट स्पीकरसमोर जाऊन उभे राहिले. स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरला की वाढत जाऊन शिट्टी होते. आम्ही त्याला फीडबॅक म्हणतो. इलाज सोपा, त्या माईकचा फेडर खाली घ्यायचा. फेडर म्हणजे मिक्सरवरची, आवाज कमी-जास्त करायची सरकती पट्टी.

आमच्या नव्या मिक्सरला एकही फेडर नव्हता. डब्याएवढं यंत्र, सगळं टॅबलेटवरून, वाय-फायने. ती निवड माझी. स्कूटरच्या डिकीत मावतो, एवढ्यावरच मी भाळलो होतो. बारा वर्षं माझ्याकडे काम केलेला दत्तू म्हणाला होता, “अण्णा, फेडरवाला घ्या. नाहीतर वेगळा राउटर तरी जोडा. गर्दीत याचं वाय-फाय टिकायचं नाही.”

“तुला नवीन काही नकोच असतं,” मी म्हणालो. गंगापूर रोडच्या एका रिकाम्या हॉलमध्ये दोन तास ट्रायल घेतली. उत्तम चाललं. चालणारच! मांडवात चारशे माणसं आणि चारशे मोबाईल होते.

शेवटी दत्तूने धावत जाऊन स्पीकरचा प्लग उपटला. म्हातारबाबा कान झाकून खाली बसले. पुन्हा माईक घेईनात.

बाळासाहेब तावातावाने आले. “अण्णा, कोन हाय मशिनवर? बापाचं पार हसं केलं राव!”

मी म्हणालो, “दत्तूचं बोट चुकलं.”

दत्तू शेजारीच वायर गुंडाळत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि वायर गुंडाळत राहिला.

“ह्याला परत पाठवू नका,” बाळासाहेब म्हणाले. ही गोष्ट तालुकाभर झाली. लोक बुकिंग करतानाच विचारायचे, “तो शिट्टीवाला नाही ना येणार?” वर्षभरात दत्तूने काम सोडलं आणि देवळाली कॅम्पात टीव्ही दुरुस्तीला बसला. मी यंत्राला शिव्या घातल्या, दुकानदाराला घातल्या, खरं मात्र सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात दिंडोरीला जाऊन बाळासाहेबांना खरं सांगितलं. बाळासाहेब म्हणाले, “चार वर्षं लागली व्हय अण्णा? आता लेकीच्या हळदीला त्यालाच धाडा. तुम्ही नका येऊ.”

मी दत्तूला फोन केला. तो म्हणाला, “जाईन. पण मिक्सर मी निवडणार.”

छोट्या कार्यक्रमासाठी मिक्सर घेणार असाल, तर रिकाम्या हॉलमधल्या ट्रायलवर जाऊ नका. जो चालवणार आहे त्याला विचारा. आणि ऐकायचं नसेल, तर निदान नंतर त्याचं नाव पुढे करू नका.