दुकानाच्या पायरीखालची चप्पल

सडक अर्जुनीत आमचं साड्यांचं दुकान. मी गादीवर बसतो, बायको उभी राहून साड्या दाखवते. वीसेक वर्षं हेच. आणि नियम एकच, माझा: चप्पल पायरीखाली काढायची. दुकानात लक्ष्मी आहे. गिऱ्हाईक असो की घरचं माणूस, आत अनवाणीच यायचं.

गेल्या वर्षी बायकोचे गुडघे असे सुजले की तिला जिना चढवेना. मी आपला बोंबलतोय, "तेल लाव, वजन कमी कर." शेवटी गोंदियाला डॉक्टरकडे नेलं. ऑपरेशनच सांगतो की काय, अशी मला धास्ती होती. त्यानं आधी तिचे पाय ओले केले आणि तिला कागदावर उभं केलं. अख्खा तळवा उमटला, मधे जराही खाच नाही. बाप रे! इतक्या वर्षांच्या संसारात मी तिचा तळवा पाहिलाच नव्हता. पाय सपाट, त्यामुळे उभं राहिलं की घोटा आत कलतो आणि ताण गुडघ्यावर जातो, असं तो म्हणाला. तळव्याला मधोमध आधार देणारी चप्पल त्यानं लिहून दिली. "तीन महीने पहनिए. आराम नहीं मिला, तो ऑपरेशन का सोचेंगे."

तीन महिने झाले, गुडघे तसेच. डॉक्टरनं चप्पल उलटीपालटी करून पाहिली. जवळजवळ नवीकोरी!

"पहनती हो कि नहीं?"

"रोज घालून राहिली ना जी."

"कितनी देर?"

"घरून दुकानात येईस्तोवर."

मी भडकलोच. "अन् दिवसभर काऊन नाही घालत?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. डॉक्टरही पाहू लागला. मग माझं मलाच कळलं. दिवसभर चप्पल पायरीखाली, बाई फरशीवर अनवाणी उभी, आणि मी गादीवर मांडी ठोकून.

"उद्यापासून दुकानात चप्पल घालायची," मी कसंबसं म्हणालो. "मले आधी सांगायचं ना!"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "दुकान उघडलं त्याच वर्षी. पाय दुखते, आत चप्पल घालू का म्हणून. तुम्ही गिऱ्हाइकासमोर हसले, अजी. 'राणीसाहेबाले पलंग आणा' म्हणाले."

मी जीव तोडून आठवत होतो. मला यातलं काहीच आठवत नव्हतं.