सासूबाईंचे ओले हात

आज कडुलिंबाच्या साबणाची नवी वडी उघडली, आणि जळगाव जामोदच्या मेळाव्यातला आमच्या बचतगटाचा पहिला स्टॉल आठवला. पांढरी चादर, झेंडूच्या माळा, वड्यांचा मनोरा. सकाळभर मी सजवत होते. बाया लांबूनच बघून पुढे जात होत्या.

"काय वं, देव मांडले काय? बायाईले हात लावाचं भेव वाटून राह्यलं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी मनोऱ्यातली एक वडी ओढली, बादलीत हात धुतले आणि ओलेच हात बायांपुढे धरले. "घ्या वास."

कापूस वेचून चिरलेले ते हात माझ्या चादरीवर ठिबकताना बघून मला लाज वाटली. बाया मात्र वाकून वास घेत होत्या.

सासूबाई आता नाहीत. त्या दिवशी अनोळखी बायांनी त्यांचे हात हातात घेतले. मी मात्र चादरच पुसत राहिले.